चावी देऊनही घड्याळ बंद पडतं, मागे पडतं: दोष चावीत, काट्यांत की मशीनमध्ये?

रोज आठवणीने चावी द्यायची आणि तरी सकाळी उठून पाहावं तर घड्याळ पहाटेच कधीतरी थांबलेलं. किंवा थांबत नाही, पण दर दोन-तीन दिवसांनी पाच-सात मिनिटं मागे. दुरुस्तीला दिलं की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. चावीचं मनगटी घड्याळ वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं, आणि बहुतेक वेळा घाईघाईने मागचं झाकण उघडलं जातं.

झाकण उघडण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. स्प्रिंगमध्ये ताकद पुरेशी भरली जाते का? मशीन चालत असताना काटे त्याच्याबरोबर चालतात का? आणि मशीनची मूळ चाल बरोबर आहे का? तिन्ही ठिकाणच्या दोषांची तक्रार एकच असते, ‘घड्याळ बरोबर चालत नाही’. पण उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि दोष कुठल्या भागात आहे हे हत्यार न लावता घरबसल्या बऱ्यापैकी कळतं.

पूर्ण चावी म्हणजे किती

सर्वांत जास्त घड्याळं अर्धवट चावीमुळे बंद पडतात. याचं मूळ एका जुन्या भीतीत आहे: ‘जास्त चावी दिली तर स्प्रिंग तुटेल.’ त्यामुळे लोक दहा-बारा वेळा फिरवतात आणि हाताला जरा जोर लागला की थांबतात. अशा घड्याळाला दिवस कसाबसा निघतो, रात्र निघत नाही.

आत काय होतं ते पाहू. एका चपट्या गोल डबीत, म्हणजे बॅरलमध्ये, मेन स्प्रिंगची लांब पट्टी गुंडाळलेली असते. तिचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला आणि आतलं टोक मधल्या दांड्याला अडकवलेलं असतं. क्राऊन, म्हणजे बाजूची फिरवायची चावी, फिरवली की दांडा फिरतो आणि पट्टी दांड्याभोवती घट्ट होत जाते. सगळे वेढे दांड्याला चिकटले की पट्टीला जायला जागाच उरत नाही आणि क्राऊन थांबतो. हा थांबा बोटांना स्वच्छ कळतो. शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत जोर हळूहळू वाढतो, आणि मग एकदम भिंत लागावी तसा क्राऊन अडतो. तिथे हात काढायचा. त्या भिंतीवर बोटांनी जोर काढला तर मात्र नुकसान होऊ शकतं. पण भिंतीपर्यंत जाणं हेच अपेक्षित आहे, मशीनची रचनाच तशी केलेली असते.

‘पूर्ण चावी दिली आणि तेव्हापासून बंद आहे’ असं कुणी सांगितलं, तर कारण जवळजवळ नेहमी दुसरंच निघतं: सुकलेलं तेल, धूळ, झिजलेलं दातचक्र. भरलेली स्प्रिंग तर चक्रं जास्त जोराने ढकलते. इतक्या जोरानेही ती फिरत नसतील, तर त्यांना कुणीतरी अडवून धरलंय असा त्याचा अर्थ.

फेऱ्या किती? मशीननुसार साधारण २० ते ४०. हा आकडा क्राऊनच्या पूर्ण फेऱ्यांचा आहे. बोटांच्या चिमटीत आपण क्राऊन एका वेळी अर्धा फेरा किंवा त्याहूनही कमी फिरवतो, मग बोटं मागे आणून पुन्हा पुढे नेतो. म्हणजे वीस वेळा बोटं फिरवली तरी पूर्ण फेऱ्या जेमतेम आठ-दहाच होतात. इथेच हिशेब चुकतो. म्हणून मोजण्यापेक्षा थांबा ओळखायला शिका. फेऱ्यांचा आकडा नंतर आपोआप पाठ होतो.

काही सवयी कटाक्षाने पाळाव्यात. चावी देताना घड्याळ हातातून काढा. मनगटावर असताना क्राऊन तिरका ओढला जातो आणि त्याच्या बारीक दांडीवर बाजूने ताण येतो. रोज एकाच वेळी चावी द्या, शक्यतो सकाळी. ताज्या चावीवर घड्याळ सर्वांत स्थिर चालतं आणि हातावरच्या हेलकाव्यांना, धक्क्यांना दाद देत नाही. बोटं मागे नेताना येणारा कर्रकर्र आवाज निर्धोक आहे. क्राऊनच्या दांडीवर तिरप्या दातांची दोन लहान चक्रं एकमेकांना लागून असतात. उलट्या दिशेला ती घसरतात, त्याचा तो आवाज. पुढे फिरवतानाची टिकटिक निराळी. ती स्प्रिंग उलगडू नये म्हणून बसवलेल्या खिट्टीची.

(घड्याळ ऑटोमॅटिक असेल तर हा थांबा शोधू नका. त्यात स्प्रिंगचं बाहेरचं टोक मुद्दाम घसरतं ठेवलेलं असतं, क्राऊन फिरतच राहतो.)

टेबलावरची परीक्षा

आता पूर्ण चावी द्या, वेळ लिहून ठेवा, घड्याळ डायल वर करून टेबलावर ठेवा आणि ते आपोआप थांबेपर्यंत हात लावू नका. थांबलं की काट्यांवरून किती तास चाललं ते कळतं. एवढी साधी परीक्षा, पण तिच्याइतकी माहिती दुसरी कुठलीच देत नाही.

साध्या एका बॅरलच्या मशीनला ३६ ते ४८ तास मिळायला हवेत. अलीकडच्या काही मशीन्सना ७० तासांच्या पुढेही मिळतात, तेव्हा आपल्या मशीनचा आकडा शोधून ठेवा. टेबलावर ४० तास चालणारं घड्याळ रोज रात्री बंद पडत असेल, तर आधी स्वतःची चावी देण्याची पद्धत तपासा. तीही ठीक असेल, तर हातावर असताना काहीतरी घासतंय. बहुधा एक काटा दुसऱ्याला किंवा काचेला. घड्याळ डोळ्यांसमोर आडवं धरून कडेने पाहा: तासकाटा, मिनिटकाटा, सेकंदकाटा यांच्यात दोन स्वच्छ फटी दिसल्या पाहिजेत. रोज ठरावीक वेळांनाच थांबत असेल, म्हणजे काटे एकमेकांवरून जाताना, तर संशय पक्का.

टेबलावरच २५-३० तासांत गार होत असेल, तर दोष आत आहे. एक तर तेल सुकलंय, नाहीतर स्प्रिंग ‘बसली’ आहे. जुन्या घड्याळांतल्या पोलादी स्प्रिंगा वर्षानुवर्षं दबून आपला ताण हरवतात. नव्या मिश्रधातूच्या स्प्रिंगा तशा सहसा बसत नाहीत. जुन्या घड्याळाचं नुसतं ऑइलिंग करून स्प्रिंग तीच ठेवली, की आठवडाभर बरं आणि पुन्हा तेच, हा अनुभव येतो तो यामुळे.

चावी देताना बोटांना काय लागतं

क्राऊन फिरतोय, टिकटिकही येतेय, पण थांबा कधीच येत नाही: मेन स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचं टोक सुटलंय. घड्याळ मुळीच चालत नसेल किंवा एखाद-दोन फेऱ्यांपुरतं चालून थांबत असेल, तर शंका नको.

चावी भरते, पण बोट सोडलं की क्राऊन उलटा गरगर फिरतो: खिट्टी किंवा तिची छोटी स्प्रिंग गेली. इथे एक जपा. क्राऊन एकदम सोडू नका. चिमटीत धरून हळूहळू उलटा जाऊ द्या, नाहीतर सगळी साठलेली ताकद एका झटक्यात सुटते आणि चक्रांचे दात जातात. त्यानंतर पुन्हा चावी देऊन पाहायची नाही.

मध्येच ‘कट्’ करून घसरतो: दांडीवरच्या त्या दोन चक्रांचे दात झिजलेत किंवा तिथे तेल उरलेलं नाही. असं घड्याळ वापरत राहिलं तर झीज झपाट्याने वाढते.

क्राऊन दांडीसकट हातात आला, तर घाबरू नका. दांडी धरून ठेवणारा स्क्रू सैल झालेला असतो आणि काम लहान असतं. पण ती घरी परत आत खुपसू नका, आतली लिव्हर जागेवरून हलली तर तेच लहान काम मोठं होतं. क्राऊन आणि दांडी एका डबीत, घड्याळ दुसऱ्या डबीत, आणि घड्याळजीकडे जाईपर्यंत त्या उघड्या भोकातून धूळ आणि दमट हवा आत जाऊ देऊ नका.

आट्यांचा क्राऊन असेल तर तो आधी उलटा फिरवून सोडवायचा असतो. परत बसवताना हलकासा आत दाबून आधी थोडं उलटं फिरवा, आटे जुळल्याचं बोटाला जाणवलं की मग सुलटं. आटे तिरके चढले की क्राऊन बसल्यासारखा वाटतो, पण पाणी अडवत नाही.

आणि एक अगदी साधं कारण, जे विचारायचं राहून जातं. वेळ लावल्यावर क्राऊन पूर्ण आत गेला आहे का? बऱ्याच मशीन्समध्ये क्राऊन बाहेर ओढला की एक लिव्हर बॅलन्स व्हीलला, म्हणजे मशीनमधल्या झुलणाऱ्या चाकाला, टेकून सेकंदकाटा थांबवते. क्राऊन केसभर बाहेर राहिला तरी ती लिव्हर कधी टेकते, कधी सुटते, आणि घड्याळ वाटेल तेव्हा थांबतं, वाटेल तेव्हा चालतं.

टिकटिक चालू, पण काटे चुकतात

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच, कारण इथला दोष ओळखला जात नाही आणि घड्याळाची चाल विनाकारण बदलली जाते.

मिनिटकाटा एका बारीक नळीवर बसवलेला असतो. ही नळी खालच्या चक्राच्या दांड्यावर नुसत्या घर्षणाने पकडलेली असते. घर्षण इतकं हवं की चक्र फिरलं की काटा फिरावा. आणि इतकंच हवं की वेळ लावताना आपण काटा फिरवला तर तो मशीनला न खेचता सरकावा. ही पकड सैल झाली की मशीन अचूक चालत राहतं, सेकंदकाटाही अचूक फिरतो, आणि मिनिटकाटा मात्र अधूनमधून जागेवरच घसरतो. घड्याळ दिवसाला वीस मिनिटं मागे पडतं, पण टाइमिंग यंत्रावर, म्हणजे चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवलं तर बिनचूक दिसतं. मालक म्हणतो मागे पडतं, घड्याळजी म्हणतो ठीक आहे. दोघंही खरंच बोलत असतात.

हे पकडायची युक्ती सोपी आहे. सेकंदकाटा बरोबर १२ वर असताना मिनिटकाटा नेमका एका मिनिटाच्या रेघेवर आणून ठेवा. सेकंदकाटा थांबणारं मशीन असेल तर क्राऊन ओढून ते सहज जमतं. बारा तासांनी, सेकंदकाटा पुन्हा १२ वर येईल त्या क्षणी मिनिटकाटा कुठे आहे ते भिंगातून पाहा. रेघेवरच असेल तर दोन्ही काटे एकत्र चालताहेत. घड्याळ मागे-पुढे असलंच तर दोष चालीत आहे. दोन रेघांच्या मध्ये सापडला तर तो घसरतोय. मग चाल बदलून काही होणार नाही, नळीची पकड घट्ट करावी लागेल. वेळ लावताना काटे फारच हलके, लोण्यासारखे फिरत असतील तर तो पुरावाही जमेस धरा. उलट, काटे फिरवायला फार जोर लागत असेल तर नळी कोरडी पडली आहे आणि प्रत्येक वेळी आतल्या चक्रांवर ताण येतोय.

तासकाट्याचीही अशीच तपासणी करा. मिनिटकाटा १२ वर असताना तासकाटा नेमका तासाच्या खुणेवर हवा. नसेल तर तासकाटा सैल आहे किंवा चुकीचा बसवलाय.

याच ओघात वेळ लावण्याची पद्धत. क्राऊन आत ढकलल्यावर मिनिटकाटा काही वेळ हललाच नाही आणि घड्याळ सुरुवातीलाच अर्धा मिनिट मागे पडलं, ही तक्रार पुष्कळांची असते. कारण दातचक्रांमधली फट. काटा पुढे ढकलत आणून सोडला की काही मशीन्समध्ये दात एकमेकांपासून सुटतात आणि चक्राला आधी ती फट भरून काढावी लागते. काटा हव्या त्या रेघेच्या चार-पाच मिनिटं पुढे न्या आणि हळूच मागे आणून रेघेवर टेकवा. सगळ्या मशीन्सची रचना सारखी नसते, म्हणून दोन्ही प्रकारे लावून पाहा आणि पहिल्या दोन मिनिटांत काटा लगेच हलतो का ते बघा. ज्या पद्धतीने हलला, ती आपल्या घड्याळाची पद्धत. क्राऊन आत ढकलताना तो फिरू न देता सरळ ढकला. तिथेच काटा अर्धी रेघ सरकतो.

तारीख दाखवणारं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख झटपट बदलू नका, तेव्हा तारीख फिरवणारे दात आधीच चक्रात गुंतलेले असतात. त्या वेळात काटे मागे नेणंही टाळा. दुपारी १२ ला तारीख बदलत असेल तर बिघाड काहीच नाही, तासकाटा एक पूर्ण फेरी, म्हणजे बारा तास, पुढे न्या.

मशीनची चाल

दिवसाचे ८६,४०० सेकंद. रोज १० सेकंदांचा फरक म्हणजे टक्क्याचा जेमतेम शंभरावा हिस्सा. स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्रालाही दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात. साध्या चावीच्या घड्याळाने दिवसाला १५-२० सेकंदांच्या आत राहावं, ही अपेक्षा मला रास्त वाटते. जुन्या घड्याळाला अर्ध्या मिनिटाची सूट द्यावी. त्यापलीकडे फरक असेल तरच चालीकडे वळा.

घड्याळ अचानक, एका दिवसात, मिनिटांनी पुढे जायला लागलं तर पहिला संशय चुंबकाचा. हेअर स्प्रिंग ही केसाएवढ्या पट्टीची गुंडाळी. तिच्या श्वास घेतल्यासारख्या उघडझापेवरच सगळी वेळ बेतलेली आहे. चुंबकत्व लागलं की तिचे वेढे, ओल लागलेल्या वहीच्या पानांसारखे, एकमेकांना चिकटतात. काम करणारी लांबी कमी होते आणि बॅलन्स व्हील भराभर झुलायला लागतं. स्पीकर, टॅब्लेटची कव्हरं, पर्सची चुंबकी बटणं, फोनचे चिकटणारे चार्जर यांच्याजवळ घड्याळ रात्रभर राहिलं तरी पुरतं. सुईचं होकायंत्र घड्याळाशेजारी हळूच फिरवून पाहा. बॅलन्स व्हीलच्या ठोक्यांबरोबर सुई थरथरली तर चुंबकत्व आहे. पट्ट्याचं बक्कल किंवा केस पोलादी असेल तर सुई नुसती एका बाजूला ओढली जाऊ शकते. महत्त्व थरथरीला आहे. उपाय डीमॅग्नेटायझरचा, म्हणजे चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्राचा, काम काही क्षणांचं. जोरदार धक्क्यानंतरही घड्याळ असंच वेड्यासारखं पुढे पळू शकतं, कारण तेव्हा वेढे एकमेकांत अडकलेले असतात. तिथे मात्र मशीन उघडावंच लागतं.

पूर्ण चावीनंतर पहिले काही तास पुढे पळणं आणि ठोक्यांचा आवाज घोड्याच्या टापांसारखा विषम येणं, हे लक्षण नव्याने स्प्रिंग बदललेल्या घड्याळात दिसलं तर स्प्रिंग गरजेपेक्षा ताकदीची बसवली आहे. बॅलन्स व्हील इतके मोठे झोके घेतं की मागच्या बाजूने आपटतं. पूर्ण चावीचा खरोखर त्रास होतो असा मला ठाऊक असलेला प्रसंग हाच, आणि त्यातही दोष चावीचा नाही.

हळूहळू, महिन्यामहिन्याने मागे पडत जाणं हे तेलाचं लक्षण. चांगल्या स्थितीतलं मशीन पूर्ण चावीवर, सपाट ठेवलेलं असताना, साधारण २७० ते ३१० अंशांचे झोके घेतं. एक दिवस उलटल्यावर ते कमी होतात, तरी २२० च्या आसपास राहायला हवेत. फोनच्या मायक्रोफोनवर चालणारी अ‍ॅप्स हा आकडा ढोबळमानाने दाखवतात. त्यांच्यावर दिवसाच्या सेकंदांसाठी विसंबून राहा, अंशांसाठी जरा जपून.

मागचं झाकण पारदर्शक असो वा नसो, चाल बदलण्याच्या लिव्हरला स्वतः हात लावू नका. हेअर स्प्रिंग तिच्या शेजारीच असते, आणि हत्याराची एक घसर पुरते. त्याऐवजी रात्रीची ठेवण बदलून पाहा. डायल वर, क्राऊन वर, क्राऊन खाली, अशा प्रत्येक स्थितीत काही रात्री ठेवून सकाळचा फरक लिहा. दिवसा आठ सेकंद पुढे जाणारं घड्याळ एखाद्या स्थितीत रात्री सहा सेकंद मागे येतं. ती स्थिती सापडली की काम भागलं. काचेच्या आत मात्र धुकं दिसलं तर यातलं काहीही करत बसू नका, त्याच दिवशी घड्याळ उघडून घ्या. गंज थांबून राहत नाही.

दुरुस्तीला देताना

‘मागे पडतं’ एवढंच सांगून घड्याळ देऊ नका. एका चिठ्ठीवर लिहून द्या: पूर्ण चावीवर टेबलावर किती तास चाललं, थांबा लागतो का, सेकंदकाटा आणि मिनिटकाटा बारा तासांनी जुळतात का, रोजचा फरक किती आणि कुठल्या बाजूला, तो अचानक आला की हळूहळू. घड्याळजीच्या टेबलावर घड्याळ बहुधा डायल वर करून, ताज्या चावीवर तपासलं जातं आणि तिथे ते छानच चालतं. म्हणून विनंती करा की तपासणी उभ्या स्थितीतही व्हावी आणि चावी देऊन २४ तास उलटल्यावर पुन्हा एकदा व्हावी. पूर्ण सर्व्हिसिंग होत असेल तर मेन स्प्रिंग बदलणार का, हे आधीच विचारा.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात टेबलावरची परीक्षा पुन्हा घ्या आणि जुन्या चिठ्ठीशी तास ताडून पाहा. आधी २८ तास होते आणि आताही २८च असतील, तर ते घड्याळ त्याच चिठ्ठीसह परत घेऊन जा.